पोस्टग्रेस ११ वरून १५ वर आलो, आता पोस्टजीआयएसची क्वेरी संपतच नाही. कुठे बघू?

टिंबटिंब

नमस्कार मंडळी, तीन दिवस डोकं आपटून झालंय म्हणून इथे विचारतोय. सर्व्हर बंद नेटवर्कमध्ये आहे, कॉपी-पेस्ट होत नाही, त्यामुळे क्वेरी आणि प्लॅन (ती कशी चालवायची याचा पोस्टग्रेसने ठरवलेला आराखडा) शब्दातच सांगतो, सांभाळून घ्या.

पोस्टग्रेस ११ आणि त्यावरचं नकाशा-भूमितीचं एक्स्टेंशन पोस्टजीआयएस २.५ असा जुना डेटाबेस होता, वर्षानुवर्षं कुणी हात लावला नव्हता. २.५ थेट १५ वर चालत नाही म्हणून दोन टप्प्यांत गेलो. आधी ११ वरच पोस्टजीआयएस ३.३ केलं, आठवडाभर तसंच चालवलं, कुणाची काही तक्रार नाही. मग शनिवारी पीजी_अपग्रेड, लिंक मोडमध्ये (फाइली कॉपी न करता त्याच जोडून घेणारा), ११ वरून १५. दहा मिनिटांत झालं, एकही एरर नाही, मी खूश होऊन घरी. सोमवारी सकाळी फोन सुरू.

क्वेरी अशी आहे. बिंदूंचं टेबल, साधारण ४ लाख २० हजार ओळी, जिओम कॉलम ४३२६ मध्ये (म्हणजे अक्षांश-रेखांश), त्यावर जिस्ट इंडेक्स (भूमितीसाठीचा). झोनचं टेबल, ३१२ पॉलिगॉन, त्यातले काही बरेच गुंतागुंतीचे. प्रत्येक झोनच्या आत आणि हद्दीबाहेर २०० मीटरपर्यंत किती बिंदू येतात ते मोजायचंय. त्यासाठी वर एक विथ (नाव देऊन ठेवलेली आतली क्वेरी) लिहिलाय, त्यात झोनची भूमिती मीटरवाल्या प्रोजेक्शनमध्ये नेतो, २०० चा बफर काढतो, परत ४३२६ मध्ये आणतो, आणि त्याला पट्टा असं नाव दिलंय. खाली पट्टा आणि बिंदू यांचा एसटी_इंटरसेक्ट्सवर (दोन आकार छेदतात का ते बघणारं फंक्शन) जॉइन आणि झोनप्रमाणे काउंट. एवढंच. ११ वर दोन ते अडीच सेकंद लागायचे. काल ४० मिनिटं वाट बघून शेवटी मीच मारली.

शिवाय नकाशाच्या स्क्रीनवरच्या बारीकसारीक क्वेऱ्या, ज्या ६०-७० मिलिसेकंदात यायच्या, त्या आता सेकंद-सव्वा सेकंद खातात.

करून झालेलं: दोन्ही टेबलांवर रीइंडेक्स, व्हॅक्यूम फुल, रीस्टार्ट, आणि मशीनची रॅम १६ वरून ३२ जीबी. ढिम्म फरक नाही. लिंक मोड असल्यामुळे आणि नवीन सर्व्हर एकदा चालू केल्यामुळे जुन्यावर परत जायचा रस्ता पण बंद. साहेब म्हणतायत पोस्टजीआयएस ३ च स्लो आहे. खरंय का हे?

---

गवंडी_डीबी

अॅनालाइझ केलंत का? यादीत व्हॅक्यूम फुल दिसतंय, रीइंडेक्स दिसतंय, अॅनालाइझ कुठेच नाही. व्हॅक्यूम फुल टेबल नव्याने लिहून काढतं पण प्लॅनरला लागणारी आकडेवारी गोळा करत नाही, ते वेगळं सांगावं लागतं, भलेभले इथे फसतात.

पीजी_अपग्रेड डेटा आणतं, इंडेक्स आणतं, पण स्टॅटिस्टिक्स मागे सोडतं. पोस्टग्रेस १८ पासून बरीचशी सोबत येतात, १५ ला नाहीच. काम संपल्यावर शेवटी स्क्रीनवर एक ओळ येते की व्हॅक्यूमडीबी अमुक अमुक ऑप्शनने चालवा म्हणून, ती सगळे जण 'अपग्रेड कम्प्लीट' वाचून झाल्यावर बघायचंच सोडून देतात. मी स्वतः दोनदा सोडलीये.

आणि ऑटोव्हॅक्यूम (मागे चालणारी पोस्टग्रेसची देखभाल) करेल आपोआप असं समजू नका. त्याला टेबलात ठराविक बदल झाल्याशिवाय जाग येत नाही. तुमचं झोनचं टेबल वर्षात एकदा बदलत असेल, त्याच्याकडे तो ढुंकूनही बघणार नाही. भूमितीच्या कॉलमचं तर अजूनच वाईट, पोस्टजीआयएस अॅनालाइझच्या वेळी कुठल्या भागात किती आकार आहेत त्याचा एक हिस्टोग्राम बनवून ठेवतं, तो नसेल तर या चौकटीत दहा ओळी येतील की दोन लाख याचा प्लॅनरला अंदाजच नसतो.

व्हॅक्यूमडीबी, ऑल, अॅनालाइझ-इन-स्टेजेस. आधी हे करा मग पुढचं बोलू. आणि रीइंडेक्सची गरज नव्हती, जिस्ट इंडेक्सच्या फाइली जशाच्या तशा येतात आणि चालतात. ओएस पण बदललं असतं तर टेक्स्टच्या इंडेक्सची काळजी होती, ते प्रकरण वेगळं.

---

टिंबटिंब

ओएस तेच आहे. अॅनालाइझ खरंच केलं नव्हतं, लाज वाटली. आता केलं, पाऊण तास लागला सगळ्या डेटाबेसना.

फरक पडला. दोन-तीन सर्च स्क्रीन एकदम पूर्ववत झाल्या. पण बिंदू-पट्टा क्वेरी अजून संपत नाही, या वेळी १५ मिनिटांवर मारली. आणि नकाशाच्या छोट्या क्वेऱ्या अजूनही सेकंदाच्या आसपास.

---

प्लॅनवाचक

साहेबांना सांगा की पोस्टजीआयएस ३.३ तर आठवडाभर ११ वर धावत होतं आणि तेव्हा कुणी ओरडलं नाही. म्हणजे दोष असलाच तर ११ ते १५ च्या उडीत आहे. ही तुमच्याकडची सगळ्यात चांगली माहिती आहे, दोन टप्प्यांत गेलात म्हणून मिळाली.

आता दोन गोष्टी हव्यात.

एक, नुसतं एक्सप्लेन (प्लॅन दाखवणारी आज्ञा). तिला अॅनालाइझ जोडू नका, ते क्वेरी खरोखर चालवतं आणि तुमची संपत नाहीये. मला खर्चाचे आकडे नकोत, आकृती सांगा. कोणत्या टेबलावर कसला स्कॅन, जॉइन कसला, आणि एसटी_इंटरसेक्ट्स नेमकं कुठे बसलंय: इंडेक्स कंडिशनमध्ये, फिल्टरमध्ये, की जॉइन फिल्टरमध्ये.

दोन, सिलेक्ट पोस्टजीआयएस_फुल_व्हर्जन. पूर्ण ओळ वाचा, नुसता ३.३ बघून सोडू नका. शेवटी कंसात काही कुरकुर आहे का ते मुद्दाम बघा.

११ च्या काळातला जुना प्लॅन कुठे जपून ठेवला असेल तर सोन्याहून पिवळं.

---

टिंबटिंब

एक्सप्लेन: वर ग्रुपिंग, त्याखाली नेस्टेड लूप (एकातल्या प्रत्येक ओळीसाठी दुसरं परत बघणं). लूपच्या खाली झोनवर सीक्वेन्शियल स्कॅन (अख्खं टेबल वाचणं) आणि बिंदूंवर पण सीक्वेन्शियल स्कॅन. इंडेक्सचं नाव कुठेच नाही. जॉइन फिल्टरमध्ये एसटी_इंटरसेक्ट्स, त्याच्या आत बिंदूचा जिओम, आणि दुसऱ्या बाजूला अख्खा लांबलचक एसटी_ट्रान्सफॉर्म, एसटी_बफर, एसटी_ट्रान्सफॉर्म. गंमत म्हणजे पट्टा हे नाव प्लॅनमध्ये शोधूनही सापडत नाही. विथ गेला कुठे?

फुल व्हर्जन: पोस्टजीआयएस ३.३ बरोबर दिसतंय. पण पुढे पीजीएसक्यूएल = ११० आणि कंसात प्रॉक्स नीड अपग्रेड फॉर यूज विथ पोस्टग्रेसक्यूएल १५० (म्हणजे फंक्शनं १५ साठी अपग्रेड करायला हवीत). हे आधीही दिसलं होतं मला, पण अल्टर एक्स्टेंशन पोस्टजीआयएस अपडेट चालवलं तर नोटीस आली की हीच आवृत्ती आधीपासून आहे, म्हणून म्हटलं सोडा.

आणि जुना प्लॅन सापडला! कुणीतरी एका वर्ड फाइलमध्ये चिकटवून ठेवला होता. त्यात वर सीटीई स्कॅन ऑन पट्टा (सीटीई म्हणजे विथच), खाली बिंदूंवर इंडेक्स स्कॅन, इंडेक्स कंडिशनमध्ये दोन अँपरसँड, आणि फिल्टरमध्ये _एसटी_इंटरसेक्ट्स, सुरुवातीला अंडरस्कोअर असलेलं.

---

प्लॅनवाचक

झालं, सापडलं. एक नाही, दोन गोष्टी आहेत आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्यात, एकेकटी असती तर एवढा त्रास झाला नसता. जरा लांब लिहितो.

पहिली, विथ कुठे गेला. ११ पर्यंत विथ म्हणजे कुंपण होतं. आतलं आधी पूर्ण काढायचं, बाजूला ठेवायचं, मग बाहेरची क्वेरी त्यातून वाचणार. १२ पासून (२०१९) नियम बदलला. विथ एकदाच वापरलाय, रिकर्सिव्ह नाही, आत व्होलटाइल (दर वेळी वेगळं उत्तर देऊ शकणारं) फंक्शन नाही, तर प्लॅनर कुंपण काढून आतला मजकूर बाहेरच्या क्वेरीत ओततो. म्हणून पट्टा नावाचं काही उरलंच नाही. तुम्ही जिथे पट्ट्याची भूमिती असं लिहिलंय तिथे आता तीन फंक्शनांची माळ बसलीये.

दुसरी, त्या कंसातली कुरकुर. एसटी_इंटरसेक्ट्सला इंडेक्स कसा लागतो याच्या दोन पद्धती आहेत. पोस्टग्रेस ११ आणि त्याआधी हे फंक्शन म्हणजे नुसतं वेष्टन होतं, आत एसक्यूएलची एक ओळ: आधी चौकटी छेदतात का, तो दोन अँपरसँडवाला ऑपरेटर, आणि मग अंडरस्कोअरवालं खरं फंक्शन. प्लॅनर ते वेष्टन सोलायचा, आतला ऑपरेटर दिसला की इंडेक्स लावायचा. तुमच्या जुन्या प्लॅनमध्ये नेमकं तेच दिसतंय. १२ पासून पोस्टग्रेसने सपोर्ट फंक्शन नावाची सोय दिली आणि पोस्टजीआयएस ३ ती वापरतं, सोलायची गरजच उरली नाही.

पण तुम्ही ३.३ टाकलंत ते ११ वर असताना. तेव्हा ११ ला चालेल अशी वेष्टनवाली व्याख्या डेटाबेसात गेली. पीजी_अपग्रेडने ती इमानेइतबारे उचलून १५ मध्ये ठेवली. आवृत्ती ३.३ च, त्यामुळे अल्टर एक्स्टेंशन म्हणतं काही करायचं नाही. पण फंक्शनं अजून ११ च्याच कपड्यात आहेत.

आता या दोघींची गाठ कशी पडली बघा. वेष्टन सोलताना प्लॅनरचा एक नियम आहे: आत एखादा आर्ग्युमेंट दोनदा वापरला असेल आणि तो महागडा असेल तर सोलायचं नाही, नाहीतर तेच महाग काम दोनदा होईल. वेष्टनात भूमिती दोनदा येते, एकदा चौकटीसाठी, एकदा खऱ्या तपासणीसाठी. ११ वर तिथे पट्ट्याचा साधा कॉलम होता, स्वस्त, सोललं गेलं, इंडेक्स लागला. १५ वर कुंपण निघालं, त्या जागी बफर आणि दोन ट्रान्सफॉर्म आले, म्हणजे महाग, म्हणून सोलणं रद्द, म्हणून ऑपरेटर दिसलाच नाही, म्हणून इंडेक्स नाही. आता ३१२ गुणिले ४ लाख २० हजार करा. १३ कोटी १० लाख जोड्या, आणि जवळजवळ प्रत्येक जोडीला बफर नव्याने. ४० मिनिटं काय, १० तासांतही नाही संपणार.

खूण लक्षात ठेवा. प्लॅनमध्ये दोन अँपरसँड आणि अंडरस्कोअरवालं नाव सुटं सुटं दिसलं तर जुनं वेष्टन सोललं गेलंय. बिनअंडरस्कोअरचं नाव नुसतंच जॉइन फिल्टरमध्ये लटकतंय आणि आसपास इंडेक्स कंडिशन नाही, तर गडबड आहे.

उपाय दोन, पण कृपा करून एकावेळी एकच करा आणि प्रत्येकानंतर वेळ टाका इथे. आधी सिलेक्ट पोस्टजीआयएस_एक्स्टेंशन्स_अपग्रेड. हे तीच आवृत्ती असली तरी एक वळसा घालून सगळी फंक्शनं नव्याने लिहितं. बॅकअप घेऊन करा आणि कुणी लॉगिन नसताना.

---

टिंबटिंब

दादा, हे वाचून मी खुर्चीवरून उठून एक चक्कर मारून आलो.

रात्री केलं. फुल व्हर्जनमधला कंस गेला. क्वेरी पहिल्यांदाच संपली! ३ मिनिटं ५० सेकंद. जुन्या अडीच सेकंदांपुढे काहीच नाही, पण संपली.

आता एक्सप्लेन अॅनालाइझ लावता आलं. बिंदूंवर इंडेक्स स्कॅन आलाय, लूप्स ३१२, रोज (म्हणजे ओळी) ११००, रोज रिमूव्हड बाय फिल्टर (गाळलेल्या ओळी) ३००. पण ११०० च ओळी कशा? उत्तरात तर एकूण ३ लाख ४३ हजार येतायत.

---

प्लॅनवाचक

तिथे दिसतो तो एका फेरीचा सरासरी आकडा असतो, लूप्सने गुणायचा. ११०० गुणिले ३१२, आले तुमचे ३ लाख ४३ हजार. या एका गोष्टीने लोकांचे दिवसच्या दिवस गेलेत.

आणि तुमचे ३ मिनिटं ५० सेकंदही त्याच गुणाकारात आहेत. इंडेक्सने प्रत्येक झोनला १४०० उमेदवार दिले, ११०० ठेवले ३०० टाकले. ३१२ फेऱ्या, म्हणजे ४ लाख ३६ हजार वेळा फिल्टर. फिल्टरच्या आत काय आहे? तीच माळ. इंडेक्स शोधताना बफर झोनमागे एकदाच निघतो, पण फिल्टरमध्ये प्रत्येक उमेदवारामागे परत निघतो. २३० सेकंद भागिले ४ लाख ३६ हजार, साधारण अर्धी मिलिसेकंद, एका बफर-ट्रान्सफॉर्मला ठीकच आहे. तेच ३१२ बफर तुम्ही चार लाख वेळा काढताय.

आता विथ पट्टा अॅज च्या पुढे मटेरियलाइज्ड एवढा एक शब्द घाला. कुंपण परत येईल.

---

अर्धाडिग्री

मधे तोंड घालतो, पण बफर काढताच कशाला?? २०० मीटरच्या आत आहे का एवढंच बघायचंय तर त्यासाठी एसटी_डीविदिन आहे ना. बफर म्हणजे पॉलिगॉन तयार करा, शेकडो नवीन शिरोबिंदू घाला, मग त्याच्याशी छेद तपासा, आणि शेवटी फेकून द्या. डीविदिन थेट अंतर बघतं, चौकट २०० ने फुगवून इंडेक्स पण वापरतं.

फक्त ४३२६ वरच्या जिओमेट्रीला २०० देऊ नका, ते मीटर नसतात अंश असतात, सगळं जग सगळ्या झोनमध्ये येईल. माझं नाव उगाच नाहीये हे, मी कधीतरी असंच ०.५ दिलं होतं.

बिंदू आणि झोन दोन्ही टेबलांना मीटरवाल्या प्रोजेक्शनचा एक जनरेटेड कॉलम घाला (दुसऱ्या कॉलमवरून आपोआप भरणारा, १२ पासून मिळतो), बिंदूंच्या कॉलमवर जिस्ट, त्यावर अॅनालाइझ, झालं काम. विथही नको मटेरियलाइज्डही नको.

---

टिंबटिंब

मटेरियलाइज्ड घातलं. २.९ सेकंद!!! तीन वेळा चालवली, खरं वाटेना. प्लॅन जवळजवळ त्या वर्ड फाइलमधल्यासारखा, सीटीई स्कॅन ऑन पट्टा परत आलाय, फक्त आता अंडरस्कोअर नाही.

अर्धाडिग्री, तुमचं पटतंय, टेस्ट मशीनवर करून पण बघितलं, १.१ सेकंद. पण आकडे जुळेनात. काही झोनमध्ये ४-५ बिंदू जास्त येतायत. हा अहवाल दर महिन्याला जातो, मागच्या महिन्याशी फरक पडला की मलाच उत्तर द्यावं लागणार. कुणाचं बरोबर मानायचं?

---

अर्धाडिग्री

डीविदिनचं. बफर गोल काढत नाही, कोपऱ्यावर पाव वर्तुळाला ८ सरळ तुकडे, हा डीफॉल्ट. तुकड्याच्या मध्यावर ती रेघ खऱ्या कमानीच्या आत येते. २०० मीटरला हिशोब केला तर साधारण ९६ सेंटिमीटर आत. म्हणजे झोनच्या कोपऱ्यांजवळ १९९ आणि २०० मीटरच्या मधे कुठेतरी पडलेले बिंदू तुम्ही आजवर सोडत आलात. आकडे वाढले म्हणजे बिघडले नाहीत, आता बरोबर आलेत. बफरला पाव वर्तुळाला ३२ तुकडे देऊन बघा, फरक जवळजवळ मिटेल, पण मग बफर अजून जड.

आत्ता बफरच ठेवा, आग विझू द्या. डीविदिन नंतर सांगूनसवरून आणा.

---

रात्रपाळी

नकाशाच्या छोट्या क्वेऱ्यांचं कुणीच बोललं नाही. एक्सप्लेन अॅनालाइझच्या अगदी तळाला जेआयटी म्हणून भाग येतोय का? फंक्शन्स इतकी, टायमिंग, जनरेशन, इनलायनिंग, ऑप्टिमायझेशन, एमिशन, टोटल?

११ मध्ये जेआयटी होतं पण बंद. १२ पासून डीफॉल्ट चालू. अंदाजे खर्च १ लाखाच्या वर गेला की क्वेरी मशीन कोडमध्ये कंपाइल करायला घेतं, ५ लाखाच्या वर गेला की इनलायनिंग आणि ऑप्टिमायझेशन पण. आता पोस्टजीआयएस ३ ने १२ च्या पुढच्या पोस्टग्रेससाठी जड फंक्शनांची किंमत मुद्दाम भरपूर वाढवून लिहिलीये, पॅरलल प्लॅन निघावेत म्हणून, हेतू चांगला आहे. पण त्यामुळे कागदावरचा खर्च लाखांत जातो, प्रत्यक्षात काम ५० मिलिसेकंदाचं, आणि त्यासाठी जेआयटी सेकंदभर कंपाइल करत बसतं. लिंबू कापायला तलवार.

अल्टर डेटाबेस अमुक सेट जेआयटी = ऑफ. नवीन कनेक्शनला लागू होईल, कनेक्शन पूल असेल तर तो रीस्टार्ट करा नाहीतर म्हणाल काहीच झालं नाही. काही पॅकेजांमध्ये जेआयटीचं लायब्ररी वेगळं येतं, टाकलं नसेल तर ते चालूच होत नाही, म्हणून एका सर्व्हरवर दिसतं दुसऱ्यावर नाही. आम्ही यातच दोन रात्री घालवल्या, सारखी कॉन्फिग सारखा डेटा आणि एक फास्ट एक स्लो.

---

गवंडी_डीबी

आणि कॉन्फिगवरून आठवलं, ती रॅम ३२ जीबी केलीत म्हणालात, पण नवीन क्लस्टरची पोस्टग्रेसक्यूएल.कॉन्फ कुठली आहे? पीजी_अपग्रेड ती फाइल आणत नाही. शो शेअर्ड_बफर्स (पोस्टग्रेसची स्वतःची कॅश) आणि शो रँडम_पेज_कॉस्ट (डिस्कवर इकडेतिकडे वाचायची धरलेली किंमत) टाका बघू.

---

टिंबटिंब

शेअर्ड बफर्स १२८ एमबी. वर्क मेम ४ एमबी. रँडम पेज कॉस्ट ४, डिस्क एसएसडी. 🤦 सगळं कारखान्यातून आल्यासारखं. म्हणजे ३२ जीबीतलं पोस्टग्रेसच्या स्वतःच्या कॅशला १२८ एमबीच दिलं होतं, खरेदीची फाइल मीच पुढे सरकवली होती, आता तोंड कुठे लपवू.

जुन्या फाइलमधले आकडे आणले, रँडम पेज कॉस्ट १.१ केला. जेआयटी होतंच, २.९ सेकंदांतले १.१ त्याचेच होते. बंद केलं, पूल रीस्टार्ट केला. आता मोठी क्वेरी १.८ सेकंद, म्हणजे ११ पेक्षाही कमी, आणि नकाशाच्या क्वेऱ्या ५५-६० मिलिसेकंद.

एक विचारायचं राहिलं. कोडमध्ये शोधलं तर अजून ४१ ठिकाणी विथ आहे. सगळीकडे सरसकट मटेरियलाइज्ड घालून टाकू का? म्हणजे ११ सारखंच होईल.

---

प्लॅनवाचक

नको. कुंपण काढलंय ते उगाच नाही. विथमध्ये अख्खं टेबल उचललंय आणि बाहेर वेअरमध्ये एक आयडी किंवा एक चौकट दिलीये अशी क्वेरी असेल तर ११ बिचारं आधी अख्खं टेबल काढायचं आणि मग गाळायचं, १५ ती अट आत ढकलतं आणि इंडेक्स लावतं. तिथे मटेरियलाइज्ड घालाल तर मिळालेला फायदा घालवाल.

बघायचं एवढंच: विथच्या आत महागडं भूमितीचं फंक्शन आहे का (बफर, युनियन, ट्रान्सफॉर्म, सिम्प्लिफाय) आणि त्याचं उत्तर बाहेर जॉइनमध्ये किंवा दोन-तीन ठिकाणी वापरलंय का. दोन्हीला हो असेल तर घाला.

---

रात्रपाळी

अजून एक अडचण सांगतो. मटेरियलाइज्ड हा शब्द ११ ला कळत नाही, सिंटॅक्स एरर देतो. तेच सॉफ्टवेअर दुसरीकडे कुठे ११ वर चालत असेल तर विथऐवजी साधी सबक्वेरी लिहा आणि तिच्या शेवटी ऑफसेट ० टाका. दिसायला खुळचट, पण कुंपणाचं काम करतं आणि दोन्हीकडे चालतं. शेजारी कमेंट मात्र लिहा, नाहीतर सहा महिन्यांनी कुणीतरी हुशार येऊन 'हे कशाला' म्हणून काढून टाकतो. आमच्याकडे तो हुशार मीच होतो.

---

टिंबटिंब

४१ तपासल्या, दोन दिवस गेले. ६ मध्ये मटेरियलाइज्ड घातलं, त्यातल्या दोघींमध्ये एसटी_युनियन होतं आणि त्या रात्रीच्या जॉबमध्ये चालतात म्हणून कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं, जॉब पहाटे ५ ऐवजी सकाळी ९ ला संपत होता. बाकीच्या ३५ ना हात लावला नाही.

आणि प्लॅनवाचक म्हणाले तसं एक उलटं उदाहरण पण सापडलं, एका झोनचा तपशील दाखवणारी स्क्रीन. ११ वर ९ सेकंद घ्यायची, सगळ्यांनी ती तशीच असते म्हणून स्वीकारलेली, लोक क्लिक करून चहा आणायला जायचे. आता ०.३ सेकंदात येते. आज एकाने फोन करून विचारलं की स्क्रीनवर जुनाच डेटा दिसतोय का, एवढ्या लवकर कशी आली.